आबांच्या असील, माझ्या तांबड्या

गल्लीतल्या बायका आता मला विचारायला येतात, घरापुरत्या चार-पाच कोंबड्या ठेवायच्या तर कोणत्या ठेवू. माझ्या अंगणातल्या तांबड्या त्यांनी पाहिलेल्या असतात, रोजची अंडी पाहिलेली असतात. मग मीही मोठ्या तोऱ्यात सांगते. अगं बाई, आधी मला सांग, तुला पाहिजे काय? अंडी पाहिजेत, पिल्लं पाहिजेत, की पाहुणा आला की कापायला पाहिजे? तिन्ही एकाच कोंबडीत मागणार असशील तर ऊठ आणि घरी जा.

गावरान घेतलीस तर ती तुझ्या जिवावर जगणार नाही. उकिरड्यावर, बांधावर स्वतःचं पोट भरेल. घार दिसली की खाटेखाली घुसेल. खुडूक बसली की एकवीस दिवस अंड्यांवरून हलणार नाही. पण अंडी घालणार बारा-पंधरा, आणि मग बाईसाहेब अडीच महिने सुट्टीवर. गिरिराज वजनाला भारी, दिसायला राजा, पण कुत्रं अंगावर आलं तर धड पळता येत नाही त्या ठोंब्याला. कडकनाथचं खूळ मोबाईलवरून आलंय. घ्यायचीच असेल तर चोच उघडून जीभ बघ, जीभ काळी नसेल तर विकणाऱ्याच्या तोंडावर परत कर. आणि पांढरी तर घेऊच नको, घारीला आभाळातून पहिली तीच दिसते. तू आपली तांबडी घे, जिला विकणारे आरायआर म्हणतात. आठवड्याला पाच अंडी कुठे गेली नाहीत, आणि खुडूक बसायचं नावसुद्धा काढत नाही.

आणि असील? असं एखादी विचारतेच, कारण आमच्या घरच्या असील साऱ्या गावाला माहीत होत्या. मी म्हणते, असील ठेवू नको, कामाची नाही. खरं कारण मी कोणाला सांगत नाही. आबांना जाऊन आता वर्ष होईल, म्हणून लिहायला घेतलंय.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं गाव शहाद्याच्या अलीकडे, काळ्या जमिनीतलं. नवरा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला, शेत बटाईने दिलेलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, माझी मुलगी लग्न होऊन सुरतला गेली. उरलो आम्ही तिघं. आबांचा आवाज असा की नुसते खाकरले तरी गोठ्यातला बैल चारा खायचा थांबायचा. तीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. माझं माहेर कोरीट, म्हणून मी कोरीटवाली. आमच्याकडे सुनेला तिच्या गावावरूनच हाक मारतात, त्यात वाईट काही नाही. पण आबा तो शब्द असा तोंडातून टाकायचे, जणू कोरीटला माणसं राहतच नाहीत.

त्यांची सगळी माया होती असीलवर. उंच पाय, ताठ मान, अंगाला घट्ट चिकटलेली पिसं, आणि डोक्यावर तुरा म्हणावा तर ज्वारीचे तीन दाणे चिकटवल्याएवढा. बघायच्या अशा की आपणच त्यांच्या घरी पाहुणे आलोय. आबा झुंजी वगैरे लावत नसत, नुसता नाद. अक्कलकुव्याला एक चाचा होते, भांड्यांना कल्हई लावणारे. त्यांच्या घरात वाडवडिलांपासून ही असील चालत आलेली. आबांनी तरुणपणी त्यांच्याकडून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. विकत नव्हे हं. चाचांच्या घरात असील विकत नाहीत, शब्दावर देतात. शब्द असा, की विकायची नाही, कापायची नाही, दुसऱ्या जातीत मिसळू द्यायची नाही, आणि आमच्याकडची संपली तर तुमच्याकडून अंडी परत मिळाली पाहिजेत. हा शब्द आबांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाळला. दुसऱ्या कोणाला दिलेला शब्द त्यांनी पाळल्याचं मला तरी आठवत नाही.

लग्न होऊन मला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. नवऱ्याला सकाळच्या पाळीला जायचं होतं आणि डब्याला भाजी नव्हती. कोपऱ्यातल्या टोपलीत अंडी दिसली. माझ्या माहेरी टोपलीतलं अंडं म्हणजे खायचं अंडं. मी दोन फोडली, कांदा-मिरची घातली, तव्यावर टाकली आणि डबा भरून दिला. तासाभराने आबा टोपलीशी गेले.

"अंडा कोनी खादात?"

मी पदर सावरत सांगितलं, डब्याला दिली म्हणून.

मला वाटलं, आता मारतात. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी ती टोपली उचलली, अंगणात नेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी दारासमोर ठेवली आणि म्हणाले, "कोंबडीना जागावर आते तूच बैस."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. मी बसले. टोपलीला लागून, गुडघे पोटाशी घेऊन, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत. पाणी नाही, भाकर नाही. आठवडाभरापूर्वी मला ओवाळायला आलेल्या बायका हंडे घेऊन जाता जाता थांबायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलं, "काय वं, पिल्ला कवय निंघतीन?" नवरा चार वाजता परत आला. त्याने मला पाहिलं, सायकल भिंतीला लावली आणि घरात गेला. त्या दिवशी त्याने एक शब्द काढला नाही, आणि पुढेही कधी काढला नाही.

मी वीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी आबांचं वाईट चिंतत आले. देवासमोर हात जोडले तरी तेच मागायचे. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण नाही वाटत.

मग त्यांना काचबिंदू झाला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तरी सांभाळा, थेंब चुकवू नका. आबांनी ऐकलं नाही. डोळ्यात पाणी टाकून काय होतं, म्हणाले. दोन वर्षांत पूर्ण अंधार. ओसरीवर त्यांची खाट, खाटेला टेकवलेली काठी, आणि पायाशी असील. मुठीत ज्वारी घेऊन थोडी थोडी टाकायचे आणि मान वाकडी करून चोचींचा आवाज ऐकत बसायचे. तेवढंच काय ते त्यांचं जग उरलं होतं.

नजरेमागोमाग त्यांचा आवाजही बसत गेला. चहा थंड झाला तरी पिऊन टाकायचे. भाकर करपली तरी बोलायचे नाहीत. उलट म्हणायचे, चांगली झाली. मला वाटलं, म्हातारपणी निवळला माणूस. इतकी वर्षं जीव घेतल्यावर आता निवळून काय उपयोग, असंही वाटायचं.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. कोरीटवाली नाही म्हणाले, वहू म्हणाले. म्हणजे सूनबाई. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"वहू, मी जित्ता शे तोपावत आंगनमा असील ऱ्हाऊ दे. दुसरं काही मांगत नही."

मी म्हटलं, "बरं." जन्मात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

त्याच्या पुढच्याच वर्षी माझे गुडघे दुखायला लागले. शहाद्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ होताहेत, रोज एक अंडं खात जा. घरात एक कोंबडा आणि चार कोंबड्या, आणि मला खायला अंडं नाही! असील अंडी घालणार मोजकी, आणि तीही उबवायला ठेवायची. आता कोणी म्हणेल, दुकानातून आणायची. दुकानात ट्रेच्या ट्रे पडलेले असतात, मला काय दिसत नव्हते? पण मला माझ्या अंगणातलं अंडं पाहिजे होतं. त्या अंगणात बसून खायचं होतं.

मग मी जात निवडायला लागले. पंधरा दिवस मोबाईल घेऊन बसले होते. आणि बायकांना मी जे सांगते, अंडी किती, वजन किती, खुडूक बसते की नाही, ते सगळं मी तेव्हा पाहिलं खरं, पण माझं खरं बघणं वेगळंच होतं. आंधळ्या माणसाला फरक कळणार नाही अशी जात कोणती, हे मी शोधत होते. गिरिराजचा पाय धपधप वाजतो, ती बाद. गावरान जरा पाऊल वाजलं की कलकलाट करते, ती बाद. कडकनाथ अंगाने हलकी, तिचं चालणं ऐकू येत नाही. तांबडी मात्र बेताची, शांत, माणसाच्या पायात घोटाळणारी. दाण्यावर चोच मारते तो आवाजही तसाच. मी डोळे मिटून ऐकून पाहिलं होतं, शहाद्याच्या बाजारात, गाडीवर कोंबड्या विकणाऱ्याजवळ उभी राहून. तो मला म्हणाला, ताई, चक्कर येतेय का?

अंड्यावर येऊ घातलेल्या चार तलंगा, म्हणजे तरुण तांबड्या, सांगून ठेवल्या. एकदम आणायच्या नाहीत, एक असील काढायची आणि एक तांबडी आणायची, असं ठरवलं. सगळ्यात आधी कोंबडा गेला पाहिजे, कारण बांग लपवता येत नाही. नवऱ्याला म्हटलं, कापा. तो म्हणाला, "आबाले काय सांगशी?"

"तुमी काहीच सांगू नका," मी म्हटलं. "तुमले सवय शे."

त्याने मागच्या दारी नेऊन कापला. आबांना मी सांगितलं, कुत्र्याने नेला. त्यांनी हातातली ज्वारी खाली ठेवली. दुपारी मी त्यांना त्याच कोंबड्याचा रस्सा वाढला, काळ्या मसाल्याचा, दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर, आणि शहाद्याहून ब्रॉयलर आणला म्हणून सांगितलं. असीलचं मांस चिवट, दोन तास चुलीवर होतं. ब्रॉयलर कधी दोन तास शिजतो का? पण आबा सावकाश चावत राहिले, आणि वाटी पुढे करून म्हणाले, "आजून वाढ, वहू." मी समोर बसून ते खाताना पाहत होते. त्या दिवशी मला भूक अशी लागली होती म्हणता!

कोंबड्यांचंही तसंच केलं. तिसरी कोंबडी तेव्हा नऊ अंड्यांवर बसलेली होती. कोंबडा जायच्या आधीची ती शेवटची अंडी. तीन-चार दिवसांत पिल्लं निघाली असती. मी थांबू शकले असते. थांबले नाही. तिला पंखाला धरून उठवली तेव्हा तिने माझ्या मनगटाचं मांस तोडलं, त्याचा व्रण अजून आहे. अंडी मी उकिरड्यावर टाकली. एक फुटलं, त्यात हललेलं मी पाहिलं आणि वर राखेचं घमेलं ओतून आले. आबांना सांगितलं, अंडी वांझ निघाली, कोंबडी उठून गेली. ते म्हणाले, व्हस कधी कधी तसं.

एक प्रसंग मात्र तेव्हाच मला खटकायला पाहिजे होता. पहिली तांबडी आणली त्या दिवशी ती धिटाईने आबांच्या खाटेवरच चढली. आबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. असीलचा नाद असलेला माणूस कोंबडी डोळ्यांनी बघतच नाही, अंगठ्याने बघतो. आधी तुरा, मग मान, मग छातीचं हाड, मग पाय. तीस वर्षं मी हे रोज पाहिलेलं, आणि तरी आंधळा म्हटलं की डोळ्यांचाच विचार केला. आता काय! त्यांचा अंगठा तिच्या डोक्यावर गेला. तांबडीचा तुरा चांगला बोटभर उंच, लोंबता. आबांचा अंगठा तिथेच थांबला. मी तयारीत उभी होते, आता काठी उचलतील, आता गाव गोळा करतील. त्यांनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, खाली सोडली आणि म्हणाले, "जाडी व्हयनी वं ही. चांगली शे."

मी म्हटलं, गेलं! बोटांनाही आता काही कळत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी कोंबडीला हात लावला नाही, तेही मी म्हातारपणावरच ढकललं.

मग मी फार शेफारले. चार तांबड्या, रोज तीन अंडी तरी हमखास. त्यांच्या खाटेसमोर पाट टाकून मी ऑम्लेट खायचे. त्यांनाही द्यायचे. "तुमनी असीलनं अंडं शे आबा, खा," म्हणायचे. असील रोज अंडं देत नाही हे ज्याने गावाला शिकवलं, तो माणूस म्हणायचा, "औंदा चांगल्या अंडा दी ऱ्हायनात." शेजारणी ओसरीवर बसून हे ऐकायच्या, मी त्यांना डोळा मारायचे, आणि त्या तोंडाला पदर लावायच्या. आबा पण हसायचे. कशाला हसतोय हे न कळता हसतो बिचारा, असं मी नंतर त्यांच्यात सांगायचे, आणि पुन्हा हसू.

दीड वर्ष असं चाललं. मग एक दिवस दुपारी अक्कलकुव्याचे चाचा आले.

ते येतील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचं वय झालेलं, कल्हईचं काम कधीच बंद पडलेलं. फाटकातून आत आले तेव्हा हातात एक टोपली होती, आत कापूस अंथरलेला. आल्या आल्या ते आबांच्या खाटेवर बसले, दोघांनी एकमेकांचे हात धरले. त्यांच्याकडची सगळी असील मानमोडीच्या रोगाने मेली होती, आठवड्याभरात, एकही उरली नाही. "अब जो है, तेरे पास है," ते म्हणाले. "दस अंडे दे दे. नसल फिर से खडी करता हूँ." बोलता बोलता त्यांनी मान वळवली आणि अंगणात पाहिलं.

मी दारात उभी होते. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. "अरे, ये तो..." एवढंच ते म्हणाले, आणि आबांनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"कशी शेतस मन्ही असील?" आबा मोठ्याने म्हणाले, मला ऐकू जाईल असं. "वहूनी लई चांगली ठेयेल शेतस."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. मी चहा टाकते म्हणून आत पळाले. वाटलं, आता चाचा सांगणार, आता सगळं बाहेर येणार, आणि खरं सांगू, मी त्यालाही तयार होते. म्हणणार होते, हो, खाल्ल्या तुमच्या असील, तुम्हालाही खाऊ घातल्या, काय करायचं ते करा! तीस वर्षांची वाक्यं माझ्या तोंडात तयार होती.

स्वयंपाकघराची खिडकी ओसरीकडे उघडते. तिला जाळी आहे, झडप नाही. मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"तुझे मालूम है?" चाचा विचारत होते. "कब से?"

"पयलीवर हात ठेवा, तवयच समजनं," आबा म्हणाले. "कोंबडा गया तवयच मनमा उनं व्हतं."

"तो बोला क्यों नहीं? घर तेरा, आँगन तेरा!"

"हयू बोल. ती ऐकी."

पातेल्यातलं पाणी वाजायला लागलं. मी गॅस बारीक केला.

"भाकर तिन्हा हातनी शे," आबा म्हणाले. "चहा तिन्हा हातना. धोतर तीच धोस. मी बोलनू, नि तिनी ताट सरकाडी दिधं, ते मी कोठे जाऊ? माले रस्ताबी दिखत नही."

"तेरा बेटा है ना?"

"तो पहिले माले घाबरे. आते तिले घाबरस. कोंबडा कापीसन त्याना रस्साबी मालेच वाढा."

"और सालन? वो भी तूने..."

"खादं. वाटी मांगी मांगीसन खादं. नही खातू ते तिले समजी जातं ना, माले माहीत शे म्हनीसन."

जाळीतून चाचांची पाठ दिसत होती, ती हलत होती. चाचा रडत होते. आबा रडत नव्हते. त्यांनी चाचांचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं, आणि ते कान देऊन स्वयंपाकघराच्या दिशेने ऐकत होते.

मी चहात साखर टाकली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं तर लिहायचं कशाला. पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हातारा मला भितो! ज्याच्या खाकरण्याने घर थरथर कापायचं, तो माझ्या पावलांना भितो. मी हेच मागत होते इतकी वर्षं, आणि ते दीड वर्षापासून माझ्या अंगणात बसलेलं होतं, मलाच माहीत नव्हतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. थंड चहा न बोलता प्यायचे तो. करपलेली भाकर चांगली म्हणायचे ती. वाटी पुढे करणारा तो हात. शेजारणींबरोबर हसायचे ते. मी ज्याला निवळणं म्हणत होते ते निवळणं नव्हतंच. त्यांचं पोट माझ्या हातात होतं आणि ते मला खूश ठेवत होते, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी एकदाही त्यांना जेवण बंद करीन म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. मी कोण आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. असं कोणी मला ओळखावं, याचा मला इतका राग आला, की मी ओट्याला धरून उभी राहिले. राग कोणावर काढायचा तेच कळेना.

ट्रेमध्ये दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा चाचा उठलेले होते. रिकामी टोपली त्यांच्या काखेत होती, कापूस तसाच. त्यांच्या घराण्याची असील आता कुठेच नव्हती, ना अक्कलकुव्याला, ना इथे, आणि हे आम्हा तिघांना माहीत होतं. मी म्हटलं, "चाचा, चहा तरी घ्या."

"नहीं बेटी," ते म्हणाले. बेटी म्हणाले मला. माझ्याकडे न बघता फाटक उघडून गेले.

मी खाटेकडे वळले. माझ्या चपलेचा आवाज झाला तसे आबा सरळ बसले. पसरलेले पाय त्यांनी झटकन जवळ ओढून घेतले, धोतर सारखं केलं. मग माझ्या दिशेने तोंड करून ते हसले, सगळ्या हिरड्या दिसतील असे.

"चहा एकदम मस्त व्हयना वं, वहू," आबा म्हणाले.

ट्रे अजून माझ्या हातात होता, दोन्ही कप भरलेले.